तांबड्या रेघेची गोळी मागण्याआधी
मालवणात औषधाचं दुकान चालवून मला बावीस वर्षं झाली. भाताची लावणी सुरू झाली की हातात गोळ्यांची अर्धी पत्री घेऊन कोणीतरी येतंच. "ताईनू, माका दोनच दिया."

आधी पत्री नीट बघा. उभी तांबडी रेघ दिसली, जशी अँटिबायोटिक म्हणजे जंतू मारणाऱ्या गोळ्यांवर असते, की ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मागायची नाही. गेल्या साली शेजारच्या काकूंनी सर्दीवर घ्यायला बिस्किटांच्या डब्यातून तीन अँटिबायोटिक गोळ्या काढल्या, नातवाच्या दाताच्या उरलेल्या. सर्दी विषाणूची, तिला या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही. उलट पोटातले जंतू गोळीला सरावतात.

पण शेतात चिखलात उतरला असाल आणि ताप, पोटऱ्यांत ठणका, डोळे लाल असं झालं, तर पेज पीत घरी बसू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. उंदराच्या मुतातून पाण्यात आलेला लेप्टो नावाच्या तापाचा जंतू पायाच्या चिरेतून शिरतो. डॉक्टरांना "चिखलात होतो" हे आपणहून सांगा, बरेच जण नेमकं तेच विसरतात.

डॉक्टरांनी लेप्टोवर डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी दिली तर जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत घ्या. दुधाबरोबर नको, ती नीट अंगी लागत नाही. घेऊन लगेच आडवं होऊ नका, अन्ननलिका पोळते. बाई गरोदर असेल तर आधीच सांगावं.

जुलाबाला आधी ओआरएस, लिटरभर पाण्यात एक पूर्ण मोठी पुडी. अर्धी पुडी पेल्यात ढवळणारे माझे मामा अजून ऐकत नाहीत.