रॉकीजमध्ये सहकुटुंब सुट्टी कशी आखावी : तळ्याकाठच्या दोन रात्री

धाकटी बहीण कॅलगरीला राहायला गेली त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून माहेरचं, सासरचं, सोसायटीतलं जे कुणी कॅनडाला निघतं ते आधी मला फोन करतं. मी स्वतः पाच उन्हाळे तिकडे काढले आहेत. आई-बाबांना घेऊन गेले, सासूबाईंना नेलं, मुलांना नेलं. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तिथलं सगळ्यात भारी हॉटेल कोणतं गं?" आणि हा प्रश्न विचारला की मला कळतं, यांचे पैसे जाणार आणि हाती निम्मंच लागणार. हॉटेल शेवटी ठरवायचं असतं. त्याआधी महिना, मग रात्रींची वाटणी, मग खोली.

पश्चिम कॅनडातल्या रॉकीज पर्वतरांगेत बॅन्फ, जॅस्पर, योहो आणि कूटनी ही चार राष्ट्रीय उद्यानं एकमेकांना लागून आहेत. त्यांतली बरीच जुनी नावाजलेली हॉटेलं कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने बांधली, आपल्या गाड्या प्रवाशांनी भराव्यात म्हणून. बॅन्फ स्प्रिंग्ज १८८८चं, लेक लुईस तळ्याकाठचं त्यानंतर दोन वर्षांनी सुरू झालेलं. रेल्वेला तेव्हा हवी ती जागा मिळाली, त्यामुळे ही हॉटेलं नेमकी देखाव्याच्या तोंडावर बसली आहेत. आपण पैसे मोजतो ते या जागेचे. गालिचे आणि झुंबरं मुंबईतही मिळतात.

मे महिन्यात जाऊ नका

आपली उन्हाळी सुट्टी एप्रिल-मेची, आणि तिथला उन्हाळा जूनच्या उत्तरार्धात सुरू होतो. माझी पहिली चूक हीच. मेच्या मध्यावर आई-बाबांना घेऊन लेक लुईसच्या काठावर उभी राहिले. समोर पांढरी सपाटी, कडेला मळकट बर्फाचा चिखल. बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि विचारलं, "तळं कुठाय?" तळं त्यांच्या पायापाशीच होतं, गोठलेलं. लेक लुईसवरचं बर्फ साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात जातं. जवळच्याच दुसऱ्या तळ्याचा, मोरेन लेकचा, रस्ताच मुळी १ जूनच्या आसपास उघडतो.

आणि बर्फ गेलं म्हणून फोटोतला तो निळा-हिरवा रंग लगेच येत नाही. हिमनदी सरकताना खालचा खडक पिठासारखा बारीक दळते. ऊन वाढलं की ते पीठ वितळलेल्या पाण्याबरोबर तळ्यात उतरतं, पाण्यात तरंगत राहतं, आणि त्याच्यामुळे तो रंग दिसतो. जूनच्या सुरुवातीला मोरेन लेक अर्धं रिकामं असतं.

माझ्या मते २० जून ते १० जुलै. शाळा सुरू झालेली असते, ठाऊक आहे. दहा दिवस बुडवा. सुरुवातीच्या आठवड्यात वह्यांना कव्हरं घालण्यापलीकडे फारसं काही होत नाही. ऑगस्टमध्ये वणव्यांच्या धुराची भीती असते. जुलै २०२४मध्ये आगीने जॅस्पर गावाची सुमारे एक तृतीयांश घरं-दुकानं खाल्ली. धूर आला की महागड्या खोलीच्या खिडकीतूनही करडा पडदाच दिसतो. मुलं बरोबर नसतील आणि गौरी-गणपतीची घरची जबाबदारी नसेल, तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ज्येष्ठांसाठी सुरेख. लार्चची झाडं तेव्हा सोनेरी होतात.

रात्रींची वाटणी

इथेच लोक फसतात. मीही फसले, आणि माझी चूक महागात पडली.

दुसऱ्या खेपेला महिना बरोबर निवडला होता. बॅन्फ गावात एक उत्तम हॉटेल घेतलं, सलग पाच रात्री. गरम पाण्याचा तलाव, जाड दुलया, सगळं झकास. लेक लुईस तिथून ५८ किलोमीटर. रोज सकाळी नाश्ता करून, आई-बाबांच्या गोळ्या-औषधं आटपून आम्ही साडेनऊला निघायचो, आणि हायवेवरच फलक लागलेला असायचा : पार्किंग भरलं आहे. एक दिवस परत फिरलो. दुसऱ्या दिवशी तळ्याखालच्या लेक लुईस गावातून वर जाणाऱ्या रांगेत पाऊण तास थांबलो, आणि वरून पिवळ्या जॅकेटातल्या मुलीने हात हलवून परत पाठवलं. बाबा मागच्या सीटवर, गुडघा आखडलेला, काही न बोलता बाहेर बघत होते. तो चेहरा मी विसरलेले नाही. पाच रात्रींचं भाडं भरूनही ज्यासाठी आलो ते तळं आम्हाला मिळालं एकदाच, भर दुपारी, खांद्याला खांदा लावून.

तेव्हापासून माझा नियम असा : सगळी सुट्टी महागड्या हॉटेलात काढायची नाही. दोनच रात्री घ्यायच्या, पण त्या थेट पाण्याच्या काठावर. बाकीच्या रात्री स्वयंपाकघर असलेल्या साध्या फ्लॅटमध्ये.

दोनच का? एका रात्रीने काहीच हाती लागत नाही. खोली दुपारी चारला मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकराला सोडायची. पहाट एकच, आणि तीच ढगाळ निघाली तर संपलं. दोन रात्रींत दोन पहाटा आणि दोन संध्याकाळी मिळतात. जूनअखेर सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, आणि दिवसभर आलेली गर्दी सातनंतर ओसरते. म्हणजे सात ते दहा तळं जवळजवळ तुमचंच. काठावरच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्किंगच्या नाक्यावर अडवत नाहीत, कारण त्यांचं आरक्षण असतं. पार्किंगचे पैसे वेगळे पडतात, तेवढे धरून चला. तिसरी रात्र मात्र वाया जाते. तोवर मुलं कंटाळतात आणि जेवणाचं बिल बघून मोठी माणसं अस्वस्थ होतात.

या दोन रात्री सुट्टीच्या मधोमध ठेवा. उतरल्या उतरल्या अजिबात नको. भारत आणि तिथल्या घड्याळात साडेअकरा तासांचा फरक आहे. पहिले तीन दिवस घरातलं कुणी दुपारी जेवणाच्या ताटावर डुलक्या घेतं, तर कुणी रात्री दोनला टक्क जागं असतं. शेवटीही नको, तेव्हा जीव बॅगांत अडकलेला असतो. चौथी-पाचवी रात्र उत्तम, आणि जमल्यास रविवार ते गुरुवारच्या दरम्यान.

मी सहा जणांसाठी जी वाटणी करते ती सांगते. पहिली रात्र कॅलगरीत. पुढच्या दोन कॅनमोरला. हे गाव उद्यानाच्या वेशीबाहेर, बॅन्फपासून साधारण २५ किलोमीटरवर आहे, आणि तिथे स्वयंपाकघराचे फ्लॅट भरपूर. मग दोन रात्री लेक लुईसच्या काठी. मग पुन्हा दोन-तीन कॅनमोर. पैसे उरत असतील तर एक जादा रात्र योहोतल्या एमराल्ड लेक लॉजला. तिथे गाडी अलीकडेच ठेवून हॉटेलच्या बसने आत जावं लागतं, आणि त्यामुळेच संध्याकाळनंतर तिथे जी शांतता असते ती मला कुठल्याच मोठ्या हॉटेलात मिळालेली नाही.

जॅस्पर? आई-वडील सत्तरीपुढचे असतील तर सोडून द्या. लेक लुईसहून जॅस्परपर्यंतचा आइसफील्ड्स पार्कवे २३२ किलोमीटरचा आहे. फोनला रेंज जवळजवळ नाही आणि पेट्रोल मिळतं ते वाटेत सस्कॅचवान क्रॉसिंगला. त्याच रस्त्याने बो लेकपर्यंत जा, ते रस्त्याला लागूनच आहे. पायी चढणं झेपत असेल तर पुढच्या पेटो लेकचा चढ चढा आणि मागे फिरा. सहा रात्रींत बॅन्फ, जॅस्पर आणि व्हँकुव्हर कोंबणारं, रोज नवं हॉटेल देणारं पॅकेज कुणी समोर ठेवलं, तर त्याला नमस्कार करा. त्या सुट्टीत आजी-आजोबांना फक्त बसची काच दिसते.

खोली घेताना

नावात 'लेक लुईस' आहे म्हणजे खिडकीत तळं आहे असं समजू नका. लेक लुईस नावाचं गाव खाली हायवेलगत आहे. तळं तिथून चारेक किलोमीटर वर डोंगरात. गावातली काही हॉटेलं चांगलीच आहेत, पण पहाटे उठून पुन्हा गाडी काढावी लागणार असेल तर एवढे पैसे मोजण्याचं कारणच संपलं. नकाशा उघडा आणि इमारत पाण्याला टेकते का ते बघा. अगदी काठावर उभं आहे ते फेअरमाँट शॅटो लेक लुईस.

तिथे तळ्याकडच्या खोलीला जुलैत रात्रीला हजार कॅनेडियन डॉलरच्या वर मोजावे लागतात, म्हणजे आपले साठ हजारांहून जास्त. वर कर. सहा जणांना दोन खोल्या लागतात. तेव्हा तळ्याकडची एकच घ्या, आणि ती आई-बाबांना द्या. दुसरी डोंगराच्या बाजूची, स्वस्तातली, स्वतःला आणि मुलांना. तुम्ही दिवसभर बाहेर असता. आई-बाबा दुपारचे खोलीत असतात. खिडकी त्यांच्यासाठी आहे. संध्याकाळी सगळे तिथेच जमतात, एकाच दुलईवर बसून चिवडा खातात. पैसा वाचतो आणि कुणाचं काही हुकत नाही.

दोन खोल्यांच्या मधून दार हवं असेल तर शब्द जपून वापरा. शेजारी-शेजारी खोल्या वेगळ्या आणि आतून जोडलेल्या वेगळ्या. संकेतस्थळावर 'विनंती' म्हणून टीप लिहून भागत नाही. हॉटेलला थेट फोन करा, आणि जोडलेल्या खोल्या दिल्याचं ईमेलवर लिहून मागा. एकदा एका बुकिंगवाल्याच्या भरवशावर राहिले, तर सासूबाई तिसऱ्या मजल्यावर आणि आम्ही सातव्यावर. रात्रभर मी जिन्याच्या दिशेने कान लावून होते. त्याच फोनवर लिफ्ट, न्हाणीघरात धरायला दांडी, आणि टबाऐवजी उभा शॉवर यांची चौकशी करून टाका. उंच टबात पाय टाकणं पंचाहत्तरीच्या माणसाला जमत नाही.

क्रम चुकवू नका

खोल्या आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, रद्द करता येतील अशाच घ्या. मग व्हिसा, बायोमेट्रिक्ससकट त्याला किती आठवडे लागतील ते तुमच्या हातात नसतं. व्हिसा आल्यावर विमान. उलट क्रमाने जाणाऱ्यांचे पैसे बुडालेले मी पाहिले आहेत. तळ्याकडची खोली मिळाली नाही तर डोंगराकडची घेऊन ठेवा, आणि निघण्याआधी दीड महिन्यापासून रोज एकदा तपासा. लोक रद्द करतात, सहलवाले आपल्या अडवून ठेवलेल्या खोल्या सोडतात. मला दोनदा अशाच मिळाल्या.

मोरेन लेकला खासगी गाडी २०२३पासून बंद आहे. पार्क्स कॅनडा या उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेची बस आरक्षित करावी लागते. काही जागा वसंतातच सुटतात. उरलेल्या, म्हणजे ६० टक्के, प्रवासाच्या दोन दिवस आधी तिथल्या सकाळी आठला. वसंतातल्या जागा उघडतात तेव्हा तुम्ही भारतातच असता, म्हणून घड्याळाचा साडेअकरा तासांचा हिशेब आधी करून ठेवा. तिथे पोहोचल्यावर सकाळी आठला फोन हातात घेऊन बसा, आणि खात्यात आधीच शिरून ठेवा. त्याच तिकिटावर दोन तळ्यांच्या मधली बसही मिळते.

बाकीचं सोपं आहे. सहा जण आणि सामान म्हणजे मोठी सात आसनी गाडी, तीही लवकर सांगून ठेवलेली. उद्यानाचा कौटुंबिक पास गाडीतल्या सात जणांपर्यंत चालतो. जुलैतही रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा कानटोपी हवीच. थालीपीठाची भाजणी, मेतकूट खुशाल न्या, पण विमानतळावर अन्नपदार्थ आहेत असं फॉर्मवर लिहा. फोडण्या कॅनमोरच्या फ्लॅटमध्ये. हॉटेलच्या खोलीत शेगडी लावू नका. अस्वल दिसलं तर १०० मीटर, एल्क हे मोठं हरीण दिसलं तर ३० मीटर लांब राहा, आणि मुलांना बिस्किटं फेकू देऊ नका. दंड २५,००० डॉलरपर्यंत जातो, आणि माणसाच्या खाण्याला चटावलेलं जनावर शेवटी गोळीला बळी पडतं.

तळ्याकाठच्या पहिल्या पहाटेसाठी आदल्या रात्रीच थर्मासात चहा भरून ठेवा. पावणेपाचचा गजर. आईला शालीवर जाकीट, पायांत लोकरी मोजे. दारातून काठावरचा बाक दोन मिनिटांवर आहे. तिथली वाट सपाट आहे, चाकाची खुर्चीही जाते. समोर ३,४६४ मीटरचा व्हिक्टोरिया डोंगर. साडेपाचच्या आसपास आधी त्याचं टोक गुलाबी होतं, मग ऊन हिमनदीवरून खाली उतरत येतं. वारा सुटायच्या आधी सगळा डोंगर पाण्यात उलटा दिसतो. त्या वेळी फोन मुलांकडे देऊ नका, बोलायला लावू नका, चहा ओता. ढग असतील तर परत जाऊन झोपा. म्हणूनच दुसरी रात्र घेतली आहे. काठ नऊच्या सुमारास भरायला लागतो, तोवर तुम्ही वर येऊन नाश्त्याला बसलेलं असावं.