टोकियोतली एक किलोमीटरची दाइशी लाईन कशी करायची

टोकियोतल्याच किता-सेन्जू स्टेशनहून तोबू या खासगी रेल्वे कंपनीच्या स्कायट्री लाईनची गाडी पकडून निशिअराईला उतरा, पण स्टेशनबाहेर पडू नका, आतच दाइशी लाईनचं वेगळं गेट आहे तिथे रेल्वेचं कार्ड टॅप करा, कारण पुढच्या दाइशिमाए स्टेशनात गेटच नाही, सगळा हिशोब इथेच होतो! मग दोन डब्यांची गाडी, दोनेक मिनिटांत लाईन खल्लास.

एवढ्याशा लाईनचा खटाटोप कशाला? तर 1931 ला सुरू केली तेव्हा ती पार तोबूच्याच दुसऱ्या, तोजो लाईनवरच्या कामी-इताबाशी स्टेशनला नेऊन जोडायची होती, पण मधे वस्ती वाढली, जमिनी महागल्या, प्लॅन बारगळला आणि उरला हा तुकडा. स्टेशनाला लागूनच निशिअराई दाइशी मंदिर आहे, दारातल्या दुकानात कुसा-दांगो (रानपाल्याचे हिरवे तांदळाचे गोळे) खाच. नवीन वर्षाच्या गर्दीत मात्र जाऊ नका बुवा.

परतताना सरळ प्लॅटफॉर्मवर जा, पैसे निशिअराईला कटतात.