लाकडी डांब काढून लोखंडी कंपाउंड करताय? या चुका टाळा

बाभळीचे डांब उधईनं पोखरले की माणूस वैतागून म्हणतो, आता लोखंडच लावू. परभणीकडच्या आमच्या रानात आम्हीही तेच केलं. दुसऱ्या पावसाळ्यात कोपऱ्याचा अँगल (लोखंडी खांब) आत कलला अन् जाळीला जुन्या बाजेसारखा झोळ पडला. अँगल भारीतला होता, चुकला होता खड्डा.

मजुरी वाचते म्हणून जुन्या डांबाच्याच खड्ड्यात अँगल उभा केला जातो. तिथली माती भुसभुशीत असते, तळाशी कुजका बुंधा असतो. दोन फूट सरकून नवा खड्डा घ्या. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात भेगेत अख्खा हात जातो. वर पसरट, खाली निमुळता असा काँक्रीटचा गोळा ती हळूहळू उचलून टाकते. म्हणून खड्डा बुडाशी रुंद अन् तोंडाशी अरुंद हवा. कोपऱ्याला मी आता तीन फूट खोल घेतो, शिवाय दोन्ही बाजूंना तिरके अँगल. काँक्रीट जमिनीच्या वर दोन बोटं काढून त्याला बाहेर उतार द्या, कारण पाणी साचलं की अँगल नेमका तिथंच सडतो. उन्हाळ्यात काम असेल तर आठवडाभर ओलं गोणपाट टाका.

तार भर दुपारी ताणू नका. तापमानात 40 अंशांचा फरक झाला की 30 मीटर तारेच्या लांबीत सुमारे 14 मिलिमीटर फरक पडतो. दुपारी तणाणा ओढलेली तार थंडीच्या पहाटे आकसते अन् कोपऱ्यालाच ओढते. सकाळी ताणा, टर्न बकल (फिरवून तार घट्ट-सैल करायचा स्क्रू) लावा.

गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक. 10 पेक्षा 12 गेज बारीक असते, आणि दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही.

गॅल्वनाइज्ड अँगलला वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं. सांधा ब्रशनं घासून झिंकचा रंग मारा. धूर मात्र अंगावर घेऊ नका.

कोपरा आधीच कलला असेल तर दोरानं ओढून दगड रचू नका. बाजूला उभं राहून तार सैल करा, माती ओली असताना खड्डा उकरा, अँगल ओळंब्यात धरून नवं काँक्रीट भरा. आठवडाभर तारेला हात लावू नका. आम्ही चौथ्याच दिवशी ताणली होती.