ओढ्याचा गाळ नदीत जायच्या आत कसा अडवायचा

मृगाचा पहिला दणका बसला की एक लिटरची पारदर्शक बाटली घेऊन ओढ्यावर जा, गढूळ पाणी भरा आणि घरी येऊन चांगली हलवून खिडकीत ठेवून द्या. वाळू लगेच तळाला बसते, पोयटा काही तासांत बसतो, पण काळ्या रानातली बारीक चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाण्यातच असते, आणि खतातला फॉस्फरस जास्त करून तिलाच चिकटून नदीत जातो, मग खाली जलपर्णी माजते. म्हणजे जाड गाळ दगडाने अडेल हो, पण बारकाला संथ पाणी आणि गवतच लागतं.

काम माथ्यावरूनच सुरू करा. हायड्रोमार्करने (पाण्याच्या नळीवर लेव्हल बघायचं साधं साधन) समपातळी रेषा मारून घ्या, त्यावर चर काढा, शेताच्या बांधावर वाळा लावा, जवळ जवळ, फट न ठेवता. घळीत अनगड दगडांचे छोटे छोटे बांध घाला, खालच्याचा माथा वरच्याच्या पायथ्याच्या लेव्हलला आला पाहिजे. आणि बांध मधोमध खोलगट ठेवा!! सरळ रचला तर पाणी कडेने काठ कापून निघून जातं, दगड तिथेच राहतात आणि माती मात्र गेलेली असते.

आता पाणथळ. नांदूर मधमेश्वरला गोदावरी-कादवाच्या संगमापाशी बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, बेटं झाली, गवत आलं, पक्षी आले, २०२० मध्ये राज्यातली पहिली रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झाली ती. पण तिथलंच बघा, पाणथळ गाळ धरते तशी भरतही जाते, म्हणून आपल्या ओढ्यावर करताना आधी एक खोल गाळखड्डा घ्या आणि त्याच्या पुढे पसरट, गुडघ्याच्या आतलं पाणी राहील अशी जागा, तिथे लव्हाळा, पाणकणीस येऊ द्या. मोठा पूर बाजूने जायला वेगळी वाट हवीच, नाहीतर एका रात्रीत सगळं उपटून नेईल. जेसीबीवाला ‘साफ करून देतो’ म्हणाला तर लव्हाळ्याला हात लावू देऊ नका, प्लीज, खरं गाळायचं काम तोच करतोय.

खड्डा दर उन्हाळ्यात उपसा, गाळ हलक्या रानात टाका. गावाचं गटार किंवा कारखान्याचं पाणी ओढ्यात येत असेल तर मात्र तो गाळ तपासल्याशिवाय शेतात नको.