कीबोर्ड बिघडलेला नाही, भाषा बदललीय: मराठी-इंग्रजी टायपिंग करताना या चुका टाळा

आठवड्यातून एक तरी फोन येतोच. "दादा, कीबोर्ड येडा झालाय, इंग्रजी दाबलं तरी भलतंच काहीतरी उमटतंय, व्हायरस आलाय का बघा ना." मी एकच विचारतो, स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी भाषा कुठली दिसतेय? पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "अय्या, इथं मराठी आहे की!" झालं. फोन बंद.

तालुक्याच्या गावी टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे माझं. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे ठराव, शाळांची पत्रं, वकिलांचे अर्ज, दिवसभर मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत उड्या मारणं चालू असतं. इंजिनियर वगैरे नाही मी, पण त्याच त्याच चुका इतक्या वर्षं बघून वैताग आलाय म्हणून एकदाच लिहून ठेवतो, यापुढे फोन आला की हेच पाठवणार.

पासवर्ड टाकताना कोपरा न बघणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका शाळेतले क्लार्क काका, माणूस अत्यंत व्यवस्थित, टेबलावर पेनसुद्धा रांगेत ठेवणारे. मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन भरायचा शेवटचा दिवस. सकाळी त्यांनी मुख्याध्यापकांचं एक पत्र मराठीत टाइप केलं, ते झाल्यावर तसंच ब्राउझर उघडून साइटवर गेले. युजरनेम आधीच सेव्ह होतं त्यामुळे ते आपोआप आलं, तिथं काही टाइप करायचा प्रश्नच नाही. पासवर्डच्या डब्यात तर नुसते काळे ठिपके, मराठी पडलं काय आणि इंग्रजी पडलं काय, ठिपका तो ठिपकाच. चुकीचा पासवर्ड असं आलं. काकांनी चष्मा पुसला, परत टाकला. परत चुकीचा. कोणीतरी म्हणालं कॅप्स लॉक असेल, म्हणून ते दाबलं, तिसऱ्यांदा टाकला, आणि खातं लॉक, उद्या या. बरं, पासवर्ड बदलायचा म्हटलं तर ओटीपी जाणार मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर आणि मुख्याध्यापक गेलेले भाच्याच्या लग्नाला, तिकडे रेंज नाही.

मला बोलावलं तोवर संध्याकाळचे साडेपाच वाजलेले. मी कोपरा बघितला, मराठी. त्या दिवशी करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. नेहमीप्रमाणे मुदतवाढ मिळाली म्हणून निभावलं, नाहीतर पोरांचं नुकसान झालं असतं ते वेगळंच.

यात मेख अशी की बऱ्याच जणांच्या पासवर्डात @ असतो. मराठी इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाण अक्षरमांडणी) कीबोर्ड चालू असताना शिफ्ट धरून २ दाबलं की @ येतच नाही, त्या जागी चंद्राचं चिन्ह (ॅ) बसलेलं आहे. शिफ्ट-५ वर टक्क्याऐवजी ज्ञ, शिफ्ट-७ वर क्ष. म्हणजे तुम्ही कितीही जपून, एकेक बटण बघून दाबलंत तरी उपयोग शून्य.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे काही नाही. पासवर्डच्या डब्यात हात घालायच्या आधी युजरनेमच्या डब्यात दोन अक्षरं मारतो, काय उमटतं ते बघतो आणि पुसतो. साइटवर डोळ्याचं चित्र असेल तर ते दाबून पासवर्ड उघडा बघतो, अर्थात मागे कोणी उभं नसेल तर. काही जण नोटपॅडमध्ये पासवर्ड लिहून तिथनं चिकटवतात आणि ती नोटपॅड तशीच उघडी ठेवून चहाला जातात, त्यांना माझा नमस्कार. आणि हो, कॉम्प्युटर चालू करताना जो पासवर्ड मागतो त्या स्क्रीनवरही खाली कोपऱ्यात भाषा दिसते, तिथंच क्लिक करून बदलता येते. लगेच फॉरमॅट मारायला नेऊ नका.

ऑल्ट-शिफ्ट चुकून दाबलं जाणं

विंडोजमध्ये डावीकडचं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं की भाषा बदलते. हे बहुतेकांना माहीतच नसतं, आणि ज्यांना माहीत नाही त्यांच्याच हातून ते सारखं दाबलं जातं. फोटोशॉपवाले तर ऑल्ट आणि शिफ्टवर बोटं ठेवूनच जेवतात. मी स्वतः विंडोजचं बटण आणि स्पेसबार वापरतो, त्यात छोटी यादी समोर येते आणि आपण कुठल्या भाषेवर थांबतोय ते डोळ्यांना दिसतं. ऑल्ट-शिफ्टचा त्रासच होत असेल तर ते बंद करता येतं, विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग टायपिंग, तिथं ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, त्यात इनपुट लँग्वेज हॉट कीज. पाच मिनिटांचं काम आहे पण लोक पाच वर्षं शिव्या देत बसतात.

याच्याशीच जोडलेला एक किस्सा. एका मेडिकल दुकानदाराचा @ दाबला की अवतरण चिन्ह यायचं आणि अवतरण दाबलं की @. मराठीचा संबंधच नाही, सगळं इंग्रजीच. पठ्ठ्याने नवीन कीबोर्ड आणला साडेसहाशेचा. नव्यावरही तेच! मग दुसऱ्या कंपनीचा आणायला निघाला होता तेव्हा योगायोगाने मी औषधं घ्यायला गेलो. यादीत इंग्रजी दोन होत्या, एक भारताची आणि एक युनायटेड किंगडमची. ब्रिटिश कीबोर्डवर ही दोन चिन्हं अदलाबदल झालेली असतात आणि शिफ्ट-३ वर पाउंडचं चिन्ह येतं. ऑल्ट-शिफ्ट लागून साहेब लंडनला पोचलेले. ती ब्रिटिश इंग्रजी काढून टाकली, संपला विषय. जुना कीबोर्ड अजून माळ्यावर आहे म्हणे.

यादीत दोनच गोष्टी ठेवा, एक इंग्रजी आणि एक मराठी. इंग्रजीसाठी भारतवाली ठेवा, त्यात कंट्रोल-ऑल्ट-४ दाबलं की ₹ येतो, गुगलवरून कॉपी करत बसावं लागत नाही. कधीकधी असं होतं की सेटिंग्जच्या यादीत नसलेली भाषा बदलताना मात्र भुतासारखी उगवते, काढायला जावं तर तिथं नावच नाही. उलटं करायचं, ती भाषा आधी मुद्दाम ॲड करायची आणि मग काढायची. हसू येतं, पण बहुतेक वेळा भूत उतरतं.

फॉन्ट बदलला म्हणजे मराठी आलं असं समजणं

"मंगल फॉन्ट घेतला तरी इंग्रजीच येतंय." येणारच ना! हा गोंधळ जुन्या दिवसांचा आहे. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, किरण, शिवाजी, या जमान्यात फॉन्ट निवडला की मराठी उमटायचं, कारण त्या फॉन्टमध्ये आतलं अक्षर इंग्रजीच असायचं, वरून फक्त मराठी चेहरा चढवलेला. म्हणून तर ती फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की सगळा गिचमिड काला दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, क हा आतून बाहेरून क च असतो. मंगल, निर्मला, कोकिळा हे नुसते कपडे. कपडे बदलून भाषा बदलत नाही, त्यासाठी कीबोर्डच बदलायला लागतो. हे मी एका माणसाला निदान आठ वेळा सांगितलंय, नाव सांगत नाही कारण तो माझा मेहुणा आहे.

वेलांटी आधी टाइप करणं

टाइपरायटरवर शिकलेल्या जुन्या मंडळींची ही अडचण. रेमिंग्टन पद्धतीत पहिली वेलांटी आधी मारायची आणि मग अक्षर, कागदावर जसं दिसतं तसं. इन्स्क्रिप्टमध्ये बोलतो तसं, आधी अक्षर मग वेलांटी. एक निवृत्त कोर्ट टायपिस्ट अण्णा माझ्याकडे यायचे, बोटं मशीनगन, पण प्रत्येक 'किती' च्या जागी रिकामं ठिपक्यांचं वर्तुळ, त्यावर वेलांटी, आणि पुढे 'कती'. ते म्हणायचे फॉन्ट खराब आहे. फॉन्ट काही खराब नव्हता, चाळीस वर्षांची सवय होती ती. त्यांना मी इन्स्क्रिप्ट शिकवायच्या भानगडीतच पडलो नाही, आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइपरायटरचा कीबोर्ड निवडून दिला. ज्याचे हात बसलेत त्याने हात कशाला मोडायचे?

पण जो आज कोरा येतोय त्याने इन्स्क्रिप्टच शिकावं, यावर मी भांडायला तयार आहे. नवीन पोरांना सगळं आजच्या आज पाहिजे असतं, इंग्रजीत लिहायचं आणि आपोआप मराठी व्हायचं. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आलाय, वाईट नाही, चार ओळींच्या मेसेजला उत्तम. पण दिवसाला वीस पानं असतील तर प्रत्येक शब्दाला तो काय सुचवतोय ते बघत बसणार का? इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, क वर शिफ्ट मारलं की ख, त वर शिफ्ट मारलं की थ. हलन्त म्हणजे पाय मोडायचं बटण डी. आता 'विद्यार्थी' बघा: व, पहिली वेलांटी, द, डी, य, काना, र, डी, थ, दुसरी वेलांटी. दहा वेळा बोट पडलं, शब्द झाला, यादीतून निवडणं नाही की अंदाज नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' यातला फरकही तुमच्या हातात, साधा र घेऊन डी मारला की समुद्र, शिफ्ट धरून तोच र घेतला की डोंगरातल्या दऱ्या. रोज अर्धा तास दिलात तर दोन-तीन आठवड्यांत बोटं चालायला लागतात, माझ्याकडे दहावीच्या पोरी शिकून गेल्यात. अक्षरं कुठं आहेत ते दिसत नसेल तर विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा, स्क्रीनवर कीबोर्ड येतो आणि त्यावर चालू भाषेचीच अक्षरं दिसतात. ते स्टिकर मात्र चिकटवू नका, महिन्यात निघतात आणि गोंद बोटांना लागतो.

बाकीच्या किरकोळ चुका एका दमात सांगतो. एक्सेलमध्ये फॉर्म्युला लिहायचाय आणि बरोबरच्या चिन्हाऐवजी ऋकाराचं चिन्ह (ृ) येतंय, तर इन्स्क्रिप्ट चालू आहे, इंग्रजीवर या. मराठी भाषा ॲड करताना डिस्प्ले लँग्वेजच्या चौकोनात टिक करू नका, सगळा विंडोज मराठीत होतो आणि मग 'सेटिंग्ज' कुठं गेलं म्हणून शोधत बसता (दातेरी चाकाचं चित्र शोधा, ते कुठल्याही भाषेत चाकच असतं). वर्डमध्ये मराठी परिच्छेदातून इंग्रजी परिच्छेदात क्लिक केल्यावर कीबोर्ड आपोआप बदलत असेल तर ते भूत नाही, वर्डच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली आजूबाजूच्या मजकुरानुसार कीबोर्ड बदलायची एक टिक असते, मी ती पहिल्या दिवशीच काढतो. ब्राउझरमध्ये मराठी आणि टॅलीमध्ये इंग्रजी असं वेगवेगळं राहायला हवं असेल तर त्याच ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपच्या खिडकीला वेगळी पद्धत वापरायची टिक आहे, ती करा, पण मग कुठल्या खिडकीत काय चालू आहे हे लक्षात ठेवायची जबाबदारी तुमची. मला ते झेपत नाही. गुगल इनपुट टूल्सचं कॉम्प्युटरवर टाकायचं जुनं सॉफ्टवेअर गुगलने केव्हाच काढून घेतलंय, ते कुठल्यातरी अनोळखी साइटवरून उतरवून घेऊ नका, मराठीबरोबर काय काय येईल सांगता येत नाही. मॅकवाल्यांनी कंट्रोल-स्पेस दाबावं, त्यांचे फोन मला येत नाहीत.

क्लार्क काकांचं मात्र कौतुक. त्या शिष्यवृत्तीच्या प्रकारानंतर त्यांनी मॉनिटरच्या उजव्या कोपऱ्यात खाली बाण काढलेली चिठ्ठी डकवलीय, आणि काही अडलं तर फोन करायच्या आधी त्या कोपऱ्याचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर टाकतात. परवाही आला, पासवर्ड घेत नाही म्हणून. फोटोत बघितलं तर भाषा इंग्रजी, अगदी बरोबर. या वेळी खरंच कॅप्स लॉक होतं.