मेम कम्पाइल करताना: आधी एकच ड्रायव्हर, मग सगळं

मेम (MAME) हा आर्केड एम्युलेटर, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या जुन्या मशीन्सची नक्कल संगणकावर करणारा प्रोग्राम. तो तयार बायनरीच्या रूपात मिळतोच. तरी सोर्समधून कम्पाइल करावा लागतो तो साधारण तीन कारणांनी: एखाद्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एखाद्या मशीनची नक्कल करणाऱ्या कोडमध्ये, बदल करून बघायचा असतो, नुकतीच झालेली दुरुस्ती पुढच्या रिलीजची वाट न बघता हवी असते, किंवा आपल्या प्रोसेसरसाठी तयार बायनरीच नसते. यांतलं काहीच नसेल तर हा खटाटोप करू नका. घरी कम्पाइल केलं म्हणून खेळ वेगाने धावत नाहीत.

बहुतेक जण सोर्स उतरवून थेट पूर्ण बिल्ड सुरू करतात. मेममध्ये हजारो मशीन्स आहेत. साध्या लॅपटॉपवर त्या बिल्डला कित्येक तास लागतात आणि एखादी लायब्ररी कमी असल्याचं पार शेवटी, लिंकिंगच्या (कम्पाइल झालेले तुकडे जोडण्याच्या) वेळी कळतं. म्हणून आधी एकाच ड्रायव्हरचं छोटं मेम बनवा. कम्पायलर, लायब्ऱ्या, पायथन या सगळ्यांची परीक्षा त्यात होऊन जाते.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाका. बरोबरच्या चिन्हाआधी येणारी ऑप्शनची नावं पूर्ण कॅपिटलमध्ये आणि त्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा नको.

तयारी

उबुंटू किंवा डेबियनवर:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल गिट बिल्ड-इसेन्शियल पायथन3 लिबएसडीएल2-डेव्ह लिबएसडीएल2-टीटीएफ-डेव्ह लिबफॉन्टकॉन्फिग-डेव्ह लिबपल्स-डेव्ह

शेवटचं 'डेव्ह' विसरू नका. एसडीएल (चित्र, आवाज आणि कळा सांभाळणारी लायब्ररी) मशीनवर असते, पण तिच्या हेडर फाइल्स या वेगळ्या पॅकेजमध्ये येतात. त्या नसल्या की 'एसडीएल डॉट एच सापडत नाही' असं सांगून बिल्ड थांबतं. कोड सी++17 मधला आहे, त्यामुळे जीसीसी हा कम्पायलर किमान 10.3 हवा. जुन्या डिस्ट्रोवर काम इथेच अडतं.

विंडोजवर एमसिस2 (लिनक्ससारखी कम्पायलरची साधनं देणारा संच) घ्या. त्याच्या स्टार्ट मेनूत एकसारखे दिसणारे चार-पाच शेल येतात. त्यातला 'मिंगडब्ल्यू 64' उघडा, नुसता 'एमसिस' नको. चुकीच्या शेलमध्ये चुकीचा कम्पायलर हाती लागतो आणि एररवरून मूळ कारण अजिबात कळत नाही. मॅकवर एक्सकोडची कमांड लाइन टूल्स आणि एसडीएल2 एवढं पुरतं.

सोर्स ठेवण्याच्या फोल्डरच्या पूर्ण पाथमध्ये कुठेही स्पेस नसावी. बिल्ड चालवणाऱ्या मेक या साधनाला ती झेपत नाही.

सोर्स आणि पहिलं बिल्ड

गिटहबवर मेमडेव्ह या खात्यात मेम नावाची रिपॉझिटरी आहे. तिचा इतिहास फार जड आहे, म्हणून क्लोन करताना '--डेप्थ 1' द्या. मास्टर ब्रँच एखाद्या दिवशी मोडकी असू शकते. स्थिर काही हवं असेल तर '-बी' देऊन रिलीजचा टॅग मागा, 0.270 चा टॅग मेम0270 असा असतो.

चाचणीसाठी ग्रिडली हा खेळ सोयीचा, कारण त्याचा रॉम (मूळ मशीनच्या चिप्समधला डेटा) हक्कदारांच्या परवानगीने मेमच्या अधिकृत साइटवर मोफत मिळतो. ड्रायव्हर कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते आधी शोधा:

फाइंड एसआरसी/मेम -नेम ग्रिडली.सीपीपी

जुन्या लेखांमध्ये सगळे ड्रायव्हर 'ड्रायव्हर्स' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये दाखवलेले असतात. 2022 पासून ते उत्पादक किंवा कुटुंबानुसार वाटले गेले आहेत, त्यामुळे तिथला पाथ उचलून चिकटवू नका. मग:

मेक सबटार्गेट=छोटं सोर्सेस=सापडलेला-पाथ यूज_क्यूटीडीबग=0 रीजिनी=1 -जे5

'छोटं'च्या जागी एखादं रोमन नाव द्या. यूज_क्यूटीडीबग (USE_QTDEBUG) आणि रीजिनी (REGENIE) ही नावं ऑप्शनची आहेत, ती अंडरस्कोरसकट कॅपिटलमध्ये. पहिलं ऑप्शन क्यूटी लायब्ररीची गरज टाळतं. लिनक्सवर ती डीबगरच्या खिडक्यांसाठी लागते, खेळायला नाही.

रीजिनीबद्दल थोडं सविस्तर, कारण सर्वांत जास्त डोकेदुखी त्याची. मेम थेट मेकफाइलवर बांधलं जात नाही. जिनी नावाचं साधन आधी प्रोजेक्ट फाइल्स तयार करतं आणि मेक पुढे त्याच वाचतं. तुम्ही सोर्सेस बदललं, नवी फाइल टाकली किंवा नवा सोर्स ओढला, तरी जुन्या प्रोजेक्ट फाइल्स तशाच पडून असतात. मग नवा ड्रायव्हर बिल्डमध्ये येतच नाही, किंवा हटवलेली फाइल शोधत मेक अडून बसतं. असं विचित्र काही दिसलं की पहिला उपाय रीजिनी=1, दुसरा उपाय 'बिल्ड' फोल्डर उडवणे.

'-जे'च्या पुढचा आकडा म्हणजे एका वेळी चालणारी कामं. कोअरच्या संख्येत एक मिळवा असा प्रघात आहे, पण रॅम तोकडी असेल तर तो विसरा आणि कामामागे 2 जीबी धरा. 'किल्ड सिग्नल' आणि सीसी1प्लस असं एररमध्ये दिसलं तर कोडमध्ये दोष नाही. मेमरी संपली म्हणून सिस्टिमने कम्पायलरला मारलं आहे. आकडा कमी करून तीच कमांड पुन्हा द्या, झालेलं काम वाया जात नाही.

कम्पायलर फारच नवा असेल तर एखादी साधी वॉर्निंग एरर ठरून बिल्ड थांबतं. तेव्हा नोवेरर=1 (NOWERROR) जोडा.

चालवून बघणं

एक्झिक्युटेबल सोर्सच्या मूळ फोल्डरमध्येच तयार होतो. त्याला '-व्हॅलिडेट' देऊन ड्रायव्हर तपासा आणि '-क्रिएटकॉन्फिग' देऊन मेम.आयएनआय बनवून घ्या. ग्रिडलीची झिप न उघडता 'रॉम्स' फोल्डरमध्ये टाका आणि एक्झिक्युटेबलपुढे ग्रिडली लिहा. नाणं 5, सुरुवात 1, मेनू टॅब, बाहेर पडायला एस्केप. 'नॉट फाउंड' आलं तर बिल्ड चुकलेलं नसून झिप चुकीच्या जागी आहे किंवा रॉम सेट दुसऱ्या आवृत्तीचा आहे.

ड्रायव्हरमध्ये डोकावायचं असेल तर '-डीबग' देऊन चालवा. डीबगर साध्या बिल्डमध्येही असतो. त्यासाठी डीबग=1 लावून कम्पाइल करणारे खूप दिसतात. त्या ऑप्शनने आतल्या जादा तपासण्या सुरू होतात आणि एम्युलेशन मंदावतं, एवढंच हाती लागतं. क्रॅशचा माग काढायला सिम्बॉल्स=1 हवं, पण त्याने लिंकिंगला लागणारी रॅम आणि डिस्कवरची जागा दोन्ही फुगतात.

हे सगळं जमलं की सबटार्गेट आणि सोर्सेस वगळून पूर्ण बिल्ड लावा आणि रात्रभर चालू द्या. सीएचडीमॅनसारखी (खेळांच्या डिस्क-प्रतिमा हाताळणारी) साधनं हवी असतील तर टूल्स=1 जोडा. नंतर एक्झिक्युटेबल दुसरीकडे हलवताना एकटा उचलू नका: 'बीजीएफएक्स', 'हॅश', 'प्लगिन्स', 'आर्टवर्क' आणि 'लँग्वेज' हे फोल्डर सोबत न्या. 'बीजीएफएक्स' मागे राहिलं तर त्याच नावाच्या व्हिडिओ मोडमध्ये मेम सुरूच होत नाही.