प्रोग्रॅमिंग आणि थोड्याफार गेमिंगसाठी पहिला लॅपटॉप घेताना या चुका टाळा

बारावीनंतर अभियांत्रिकीला किंवा बीसीएला प्रवेश घेतलेल्या मुलासाठी लॅपटॉप पाहणारे पालक दुकानात बहुधा एकच प्रश्न विचारतात, "आय५ आहे ना?" पहिली चूक इथेच होते, कारण ते केवळ इंटेलच्या प्रोसेसर-मालिकेचे नाव असून खरी ओळख त्यापुढील अंकांत आणि अक्षरांत असते. इंटेलची स्पर्धक एएमडी हिच्या ७००० मालिकेत तर तिसरा अंक, म्हणजे आतील रचनेची पिढी, वाचल्याशिवाय निर्णय घेऊच नये. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू या नावांत एकाच अंकाचा फरक दिसतो. मात्र पहिल्यात २०१९ साली आलेली झेन २ रचना आणि ४ कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्र काम करणारे भाग) आहेत, तर दुसऱ्यात झेन ३ रचना आणि ६ कोअर. पहिल्यातील ग्राफिक्स विभागही इतका लहान आहे की हलके गेमसुद्धा त्याला जड जातात.

दुसरी चूक रॅमची, म्हणजे चालू कामासाठीच्या तात्पुरत्या मेमरीची आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान तीच करते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये गेमची चित्रे काढण्यासाठीही हीच रॅम वापरली जाते, त्यामुळे ती किती आहे याइतकेच ती एका वाटेने जोडली आहे की दोन वाटांनी, हेही महत्त्वाचे ठरते. आय५-१२३५यू असलेल्या लॅपटॉपमध्ये ८ जीबीची एकच पट्टी असेल, तर खोक्यावर आयरिस एक्सई हे इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सचे नाव लिहिलेले असूनही विंडोज त्याला केवळ यूएचडी ग्राफिक्स म्हणून दाखवते. अनेक जण हा ड्रायव्हरचा, म्हणजे ग्राफिक्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा दोष समजून तो पुन्हा पुन्हा टाकत बसतात, परंतु इंटेलने आयरिस एक्सई हे नाव दुहेरी चॅनेलच्या, म्हणजे दोन वाटांनी जोडलेल्या रॅमसाठीच राखून ठेवले आहे. मोकळ्या स्लॉटमध्ये त्याच प्रकारची दुसरी पट्टी बसवली की नावही बदलते आणि गेमचा वेगही स्पष्टपणे वाढतो. म्हणूनच रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली आहे का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. तशी असल्यास सुरुवातीलाच १६ जीबी घ्यावी, कारण मोकळा स्लॉट नसेल तर पुढे ती वाढवता येत नाही.

सी किंवा पायथन शिकण्यासाठी ग्राफिक्स कार्ड लागत नाही. व्हॅलोरंट आणि माइनक्राफ्ट हे गेमही चांगल्या अंगभूत ग्राफिक्सवर कमी सेटिंगमध्ये खेळता येतात. तरीही कार्ड हवे असेल, तर केवळ एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५० हे नाव पाहून थांबू नये, कारण लॅपटॉपमध्ये हेच कार्ड ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत वेगवेगळ्या वीज-मर्यादांवर चालवले जाते आणि कमी वॅटवर वेगही कमी मिळतो. व्हॅलोरंट खेळायचेच असेल तर मॅकबुक घेऊ नये, तो गेम मॅकवर चालत नाही.

जुना लॅपटॉप घेताना तो अधिकृतपणे विंडोज ११ चालवू शकतो याची खात्री करावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून, इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीची बहुतेक यंत्रे नव्या आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत.

घरी आणल्यावर येणाऱ्या काही अडचणी मात्र सहज सुटतात. अँड्रॉइड एमुलेटर (लॅपटॉपवर आभासी फोन चालवणारे सॉफ्टवेअर) सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन (आभासी यंत्र चालवण्याची सोय) बंद आहे का ते पाहावे. वेगळे कार्ड असूनही गेम अडखळत असेल तर चार्जर जोडलेला आहे ना हे तपासावे, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधील ग्राफिक्स विभागात त्या गेमसाठी हाय परफॉर्मन्स निवडावे. रॅमची तपासणी पहिल्याच दिवशी करावी: टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स विभागात मेमरी उघडली की किती स्लॉट वापरात आहेत ते बहुतेक लॅपटॉपमध्ये दिसते, आणि विक्रेत्याने सांगितल्यापेक्षा काही वेगळे आढळल्यास परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी त्याच्याकडे जाता येते.